दर एकच हवा, आणि तो कागदावर हवा

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"ताई, मी एम.डी. मेडिसिन. सिंधुदुर्गात एका ४५ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात चार वर्षं फिजिशियन आहे. महिन्याला १ लाख ३५ हजार मिळतात. दीड वर्षापूर्वी माझ्याच डिग्रीचे, माझ्याहून एक वर्ष कमी अनुभव असलेले एक डॉक्टर रुजू झाले. गणपतीच्या आधी अकाउंटंटने चुकून सगळ्यांच्या पगाराचा तक्ता स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि दोन मिनिटांत काढलाही. तेवढ्यात मला दिसलं. त्यांना १ लाख ८० हजार. हॉस्पिटल चालवणाऱ्या सरांना विचारलं तर म्हणाले, 'त्यांच्यावर घर आहे, तुमचे मिस्टर बँकेत आहेत. शिवाय त्यांना रात्री कधीही बोलावता येतं.' मी आठव्या महिन्यापर्यंत नाइट केल्यात. मुलगा झाला तेव्हा तीन महिने रजा घेतली, तीही बिनपगारी, आणि त्या वर्षी इन्क्रिमेंट दिलं नाही. सासूबाई म्हणतात, मिळतंय त्यात समाधान मान, सर तुझ्या सासऱ्यांचे मित्र आहेत. आमच्याकडे सिस्टरना अकरा-बारा हजार देतात. ते बघून मला स्वतःसाठी मागायचीच लाज वाटते. मागू की गप्प राहू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. एक डॉक्टर, कणकवली परिसर."

माग.

आधी उत्तर देऊन टाकते, कारण पत्राच्या पहिल्या ओळीपासून तू हाच एक प्रश्न उराशी धरून बसली आहेस. मागायचं, आणि मान वर करून मागायचं. काय मागायचं, त्याबद्दल मात्र मला थोडं वेगळं सांगायचंय.

तुझं पत्र वाचलं आणि मला १९९१ साल आठवलं. एम.डी. होऊन मी कोकणातल्याच एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले. माझ्याच बॅचचा एक मित्र त्याच आठवड्यात तिथे लागला. मला साडेतीन हजार, त्याला पाच. हे मला कळलं तीन वर्षांनी. हिशेबनीस रजेवर होते आणि पगाराच्या रजिस्टरवर स्टाफच्या सह्या घेण्याचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं. निळ्या शाईतल्या दोन ओळी, एकाखाली एक. नाव माझं वर होतं आणि आकडा माझा लहान होता. मी विश्वस्तांकडे गेले. ते अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठे घर चालवायचंय?" त्या मायेपुढे माझी जीभच उचलली नाही. आणखी तीन वर्षं तशीच काढली आणि मग स्वतःचा दवाखाना घातला.

त्या पैशांचं आज काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझ्या जागी तिथे जी मुलगी आली, तिने पगाराचा विषय काढला तेव्हा तिला सांगण्यात आलं की आधीच्या मॅडम एवढ्यावर काम करत होत्या, त्यांची कधी तक्रार नव्हती. माझं गप्प बसणं तिच्या पगाराची मर्यादा ठरलं. तिनेच मला हे पुढे एका लग्नात सांगितलं, काही राग न धरता. तीस वर्षं होत आली, ते बोलणं माझ्या मनातून गेलेलं नाही. तू गप्प राहिलीस तर फक्त तुझंच नुकसान होईल असं समजू नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता तुझा हिशेब मांडू. फरक ४५ हजारांचा, म्हणजे त्यांच्या पगाराच्या बरोबर पाव हिस्सा. दीड वर्षाचे ८ लाख १० हजार झाले. पुढच्या वर्षी दोघांनाही दहा टक्के इन्क्रिमेंट दिलं, तर तुझे साडेतेरा हजार वाढतील आणि त्यांचे अठरा. फरक ४९,५०० वर गेला. सगळ्यांना सारखी टक्केवारी ऐकायला न्यायाची वाटते. पण पाया कलता असला की प्रत्येक मजल्याला भिंत आणखी कलते.

हे दुखणं तुमच्या हॉस्पिटलापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२२ मध्ये ५४ देशांच्या आकडेवारीवरून एक अहवाल काढला. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी ६७ टक्के बायका आहेत, आणि वय, शिक्षण, कामाचा वेळ हे सगळं जमेस धरूनही त्यांची मिळकत पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी आहे. या फरकातल्या बऱ्याच भागाचं कुठलंच सरळ कारण सापडत नाही. आणि तो रुंदावतो कधी, तर मुलंबाळं होण्याच्या वयात. इंग्लंडात तर सरकारी आरोग्यसेवेच्या वेतनश्रेण्या ठरलेल्या आहेत, तरी २०२० च्या पाहणीत तिथल्या हॉस्पिटलांतल्या स्त्री डॉक्टरांची मिळकत, कामाचे तास सारखे धरूनही, १८.९ टक्के कमी निघाली. तुझंच बघ. तू बाळंतपणाला गेलीस, वाढ चुकली, परत आलीस आणि त्याच सुमाराला ते आले. त्यांनी नवा आकडा सांगितला, तू जुन्या आकड्यावर राहिलीस. कुणी मुद्दाम कट केला असेल असं मला वाटत नाही. पण कट नव्हता म्हणून तुझे पैसे तुला मिळाले असंही नाही.

सरांच्या दोन कारणांकडे वळू.

"त्यांच्यावर घर आहे" हे कारण आहे असं मी मानतच नाही. फुरसं चावून आलेल्या माणसाला तू अँटिव्हेनम लावतेस, पुढचा तासभर त्याच्या उशाशी उभी राहतेस, रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज हातात तयार असते. मिस्टर बँकेत आहेत म्हणून ती जबाबदारी पाव हिश्शाने हलकी होत नाही. पगार कामाचा असतो. सरांना शांतपणे एवढंच विचार: उद्या माझ्या मिस्टरांनी नोकरी सोडली, तर तुम्ही माझा पगार ४५ हजारांनी वाढवाल का?

रात्रीचं कारण मात्र नीट बघायला हवं, त्यात थोडं तथ्य असू शकतं. मूल लहान आहे, नवरा रोज कुडाळला की सावंतवाडीला जात असेल, रात्री दोनला फोन आला तर मुलाला कुणाकडे सोपवायचं हा प्रश्न खरा आहे. क्लॉडिया गोल्डिन या अर्थतज्ज्ञ बाईंना २०२३ चं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या रोजगाराच्या आणि मिळकतीच्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं असं की आज शिकल्यासवरलेल्या स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतला बराचसा फरक अशा नोकऱ्यांतून येतो जिथे "केव्हाही हजर" असण्याला फार मोठी किंमत दिली जाते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचाही अभ्यास केला. तिथे हा फरक खूप कमी, कारण एका फार्मासिस्टचं काम दुसरा सहज हातात घेऊ शकतो. माहिती कागदावर असते, एकाच्या डोक्यात नसते.

म्हणून रात्रीचा हिशेब वेगळा मांड. पगार वेगळा, रात्र वेगळी. ऑन-कॉल रात्रीचा, म्हणजे बोलावलं तर यायची तयारी ठेवायच्या रात्रीचा, एक दर, प्रत्यक्ष बोलावलं तर त्याचा वेगळा दर, आणि दोन्ही दर जो येईल त्याला. ते महिन्यात बारा रात्री करतील, त्यांनी बारांचे घ्यावेत. तू आठ करशील, तू आठांचे घे. जास्त रात्रींचे जास्त पैसे त्यांना मिळाले तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. पण त्याआधी जुनी ड्यूटी रोस्टर काढ आणि मोज. तू आठव्या महिन्यापर्यंत नाइट केल्यात म्हणतेस. गेल्या दीड वर्षात कुणी किती रात्री केल्या, किती वेळा खरोखर यावं लागलं, हे आयसीयूच्या रजिस्टरात वेळेसकट लिहिलेलं असतं. "त्यांना कधीही बोलावता येतं" आणि "त्यांना इतक्या वेळा बोलावलं" ही दोन निराळी वाक्यं आहेत. माझा अनुभव असा की मोजायला बसलं की पहिलं वाक्य बरंच लहान होतं.

तू पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मी विचारते, कारण हे जवळजवळ सगळीकडे असतं: ओपीडीच्या फीतला डॉक्टरचा वाटा, म्हणजे शेअर, पेशंटच्या संख्येवर आहे का?

माझ्या दवाखान्यातली एक सकाळ सांगते. जुलै होता, भातलावणी चालू, तरी बाहेर बाकं भरलेली. पन्नाशीची एक बाई नवऱ्याबरोबर आली, खोकला म्हणून. छाती तपासली, काही नव्हतं. पंधरवड्यात तिसरी खेप. मी औषध लिहायला घेतलं आणि ती उठेना. नवऱ्याला केस पेपर आणायला बाहेर पाठवलं, तेव्हा तिने दाराकडे बघितलं, पदर थोडा सरकवला आणि म्हणाली, "ह्यांच्यासमोर सांगूक लाज वाटता. हयसर गाठ लागता माका." गाठ लिंबाएवढी होती. मग तपासणं, तिला समजावणं, नवऱ्याला आत बोलावून त्याला समजावणं, कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल यावर त्यांचं बोलणं, लेकीला मुंबईला फोन. पस्तीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात दुसरा कुणी सहा-सात पेशंट पाहून मोकळा झाला असता. माझा दवाखाना स्वतःचा होता म्हणून मला कुणी जाब विचारला नाही. तुझ्याकडे संध्याकाळी काउंटरवरचा मुलगा आकडे मोजतो. त्याच्या वहीत ती बाई म्हणजे एक पेशंट.

अमेरिकेत २०१७ सालच्या दोन कोटींहून जास्त भेटींच्या नोंदी तपासून काढलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच दवाखान्यातल्या स्त्री आणि पुरुष फॅमिली डॉक्टरांची त्यात तुलना होती. स्त्री डॉक्टर प्रत्येक पेशंटला १५.७ टक्के जास्त वेळ देत होत्या, आणि त्यांच्या भेटींतून वर्षाला येणारं उत्पन्न १०.९ टक्के कमी भरत होतं, कारण दिवसाकाठी भेटी कमी होत होत्या. कामाचे एकूण तास कमी नव्हते. आपल्याकडे तर "बाई डॉक्टरांकच दाखवूचा आसा" म्हणत गावोगावच्या बायका तुझ्या दाराशी येतात. शिवाय सरांच्या पेशंटच्या नातेवाइकांना समजवायला "मॅडम, तुम्ही जरा बोला ना" म्हणून तुलाच बोलावतात. तो वेळ कुठल्याच वहीत नसतो. दोन महिने तूच एक वही ठेव. तारीख, काम, मिनिटं. कुणाला दाखवायची घाई करू नकोस, आधी तुझं तुलाच कळू दे.

कायदा काय म्हणतो हे तुला ठाऊक असावं, मग तो वापर वा न वापर. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ पासून आहे. आता तोच आशय वेतन संहिता, २०१९ मध्ये आला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाच मालकाकडे तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम असेल तर स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही. कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का, एवढंच पाहायचं. घरात कमावणारे किती, हा प्रश्न त्यात कुठेही नाही.

एक जुना खटला सांगते. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकॉस्टा नावाच्या बाई लढल्या. कंपनी म्हणाली, या मोठ्या साहेबांच्या खास स्टेनो आहेत, यांचं काम निराळं आहे. शिवाय तेवढा पगार देण्याची आमची ऐपत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. हा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं स्पष्ट म्हटलं. तुझे सर उद्या "परवडत नाही" म्हणतील तेव्हा हे लक्षात असू दे. मोठ्याने म्हणायची गरज नाही.

एक खाचखळगा मात्र आहे. हे संरक्षण नोकरीतल्या माणसाला आहे. आपल्याकडची बरीच हॉस्पिटलं डॉक्टरला कागदावर "कन्सल्टंट" दाखवतात आणि पगाराऐवजी प्रोफेशनल फी देतात. आयकराच्या पोर्टलवर जाऊन बघ, तुझा टीडीएस पगारावर कापलाय की फीवर सरसकट दहा टक्के. फीवर असेल तर सर म्हणतील, तुम्ही आमच्या नोकर नाही. तेव्हा रोस्टर कोण लावतं, रजा कोण मंजूर करतं, दुसरीकडे प्रॅक्टिसची मुभा आहे का, हे प्रश्न वकिलापुढे ठेवायचे. बाळंतपणाची बिनपगारी रजाही त्याच भेटीत विचार. २०१७ पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क आहे, अट आदल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची. ४५ खाटांच्या हॉस्पिटलात दहाहून जास्त माणसं नक्कीच आहेत. वेतनाच्या थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो, तेव्हा वकिलाची भेट लांबवू नकोस. भेट म्हणजे भांडण नव्हे.

आता मागायचं काय. "मला त्यांच्याएवढा पगार द्या" एवढंच मागू नकोस. तसं मागितलंस की बोलणं तुम्हा दोघांच्या तुलनेवर जाईल, सासऱ्यांची ओळख मध्ये येईल, आणि शेवटी तुला दहा हजार वाढवून "बघा, तुमच्यासाठी केलं" म्हणतील. तू उपकाराखाली येशील आणि पुढची मुलगी पुन्हा कमी आकड्यावर लागेल. तू हॉस्पिटलाचा नियम माग. फिजिशियनचा मूळ पगार अमुक अनुभवाला अमुक. रात्रीचा दर अमुक. ओपीडीचा शेअर असेल तर वेळेवर, डोक्यांवर नको. बाळंतपणाच्या रजेमुळे इन्क्रिमेंट चुकणार नाही. हे सगळं कागदावर, सरांच्या सहीने. असा नियम झाला की तुझा पगार आपोआप जागेवर येतो आणि कुणाचा चेहरा पाहून आकडा ठरवायची सोय उरत नाही. सरांचाही त्यात फायदा आहे, तो त्यांना सांग. सिंधुदुर्गात एम.डी. फिजिशियन शोधायला काय यातायात पडते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तू सोडलंस तर पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) केसेस कोण बघणार, याची काळजी त्यांना आत्तापासून असणार.

त्या डॉक्टरांशी आधी बोल. त्यांनी तुझं काही घेतलेलं नाही, त्यांनी फक्त आकडा मागितला आणि तो मिळाला. रात्रीच्या दराचा नियम त्यांच्याही भल्याचा आहे. दोघं मिळून गेलात तर निम्मं काम झालं. ते कचरले तर एकटी जा, पण त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलू नकोस.

सिस्टरांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस आणि लाजेने लिहिलंस. मला तुझ्या पत्रातलं तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. तुझ्या आणि त्या डॉक्टरांच्या पगारातला फरक एका खुर्चीवर दोन माणसं बसवून दिसतो. सिस्टरांचा दिसत नाही, कारण शेजारी तुलना करायला पुरुष नाही. ज्या कामात बायकाच बायका, ते कामच स्वस्त धरायचं अशी ही रीत. आशाताईंना २००५ पासून स्वयंसेविका म्हणतात आणि मोबदला देतात, अंगणवाडीत मानधन देतात. पगार हा शब्दच टाळतात. मला त्या मानधन शब्दाचा फार त्रास होतो. मान आणि धन दोन्ही त्यात कमी पडतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून खाजगी नर्सच्या पगारासाठी एक समिती नेमली गेली. पन्नासहून कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस तिने केली. तुमचं हॉस्पिटल ४५ खाटांचं आणि तिथे अकरा-बारा हजार. रात्री तीनला पेशंटच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण उतरतंय हे पहिल्यांदा ज्या मुलीला दिसतं, ती घरी जाऊन दुपारी काजूच्या कारखान्यात बसते, अशा मुली मी पाहिल्यात. त्यांचा पगार बघून तुला लाज वाटते, पण तू कमी घेतल्याने त्यांचा एक रुपया वाढलेला नाही. तुझे वाचलेले ४५ हजार त्यांच्याकडे गेले नाहीत. लेखी नियम मागशील तेव्हा त्या कागदावर सिस्टरांची एक ओळ असू दे. पहिल्या भेटीत ती मान्य होणार नाही बहुतेक. तरी असू दे. डॉक्टरने लिहिलेली ती ओळ पुढे त्या मुली हातात धरू शकतील.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना भीती आहे ती संबंध तुटायची, आणि छोट्या गावात ती भीती खोटी नसते. मात्र सरांशी बोलायला सासऱ्यांना मध्ये घालू नकोस, आणि ते आपणहून निघाले तर थांबव. हा विषय घरच्या ओसरीवर गेला की तो तुझ्या कामाचा राहणार नाही.

आणि सर नाहीच म्हणाले तर? तीन महिन्यांची मुदत स्वतःला दे. त्या तीन महिन्यांत रत्नागिरीला, कोल्हापूरला, गोव्याला चौकशी कर. आधीचा पगार विचारतील, तो सांगायची तुला सक्ती नाही. "या पदाचा तुमचा दर काय?" असा उलट प्रश्न कर. चार वर्षांपूर्वीचा कमी आकडा तू नव्या ठिकाणी स्वतःच्या तोंडाने नेऊ नकोस.

भेटीसाठी सोमवार घेऊ नकोस, ओपीडी तुंबलेली असते आणि सर उभ्या-उभ्या उत्तर देतील. बुधवार-गुरुवारची दुपार माग, राउंड आटोपल्यावर, अर्धा तास, बसून. कागदाच्या दोन प्रती ने. एक त्यांच्यापुढे ठेव, दुसरीवर "मिळाली" अशी सही आणि तारीख घे. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींत त्यांना मेल कर. आणि मला कळव, होकार असो वा नकार.